परमुलखातले आपण (भाग ११) : चापिंगोची भाकरी

मेक्सिकोला जाऊन आलेल्या माणसाचं वर्णन वाचलं की त्यात काही गोष्टी हमखास सापडतात. रुंद काठाच्या टोप्या, घायपातीच्या जातीच्या झाडापासून केलेली दारू, बाजारात रचलेले मिरच्यांचे ढीग, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत साखरेच्या कवट्या मांडून साजरा होणारा मृतांचा सण. प्रवाशाची नजर अशीच चालते. जे घरी नाही ते तिला आधी दिसतं. पण या लेखमालेत आपण प्रवाशांच्या मागे नाही, राहिलेल्यांच्या मागे आहोत. राहणाऱ्याला रोज सकाळी उठून काहीतरी खायचं असतं, शेजाऱ्याशी बोलायचं असतं, पोटासाठी हात चालवायचे असतात. त्यामुळे त्याच्या लेखी नवलाईला फार किंमत नसते, ओळखीच्या खुणांना असते. आजचा माणूस मूळ वर्ध्याचा. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ साली मेक्सिकोत पोचले आणि १९५५ साली कायमचे भारतात परतले. मराठीत त्यांची ओळख गदर चळवळीतले क्रांतिकारक अशी आहे, आणि मेक्सिकोतली तीस वर्षं बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपतात : पुढे ते तिथे कृषितज्ज्ञ म्हणून राहिले. जणू नाटक संपलं आणि नट घरी गेला. माझं म्हणणं असं की खानखोजे ज्या ज्या देशांत राहिले, त्यांपैकी मेक्सिकोत ते सर्वांत कमी परके होते. आणि त्याचं कारण राजकारणात जेवढं आहे त्याहून अधिक तिथल्या चुलीत आणि शेतात आहे.

आधी परकेपणा म्हणजे काय ते पाहू, कारण तो त्यांनी भरपूर भोगला होता. ऐन विशीत देश सोडून ते जपानमार्गे अमेरिकेला गेले. कॅलिफोर्नियात एका लष्करी अकादमीत त्यांनी शिक्षण घेतलं, ऑरेगॉन राज्यात कॉर्व्हॅलिसच्या कृषी महाविद्यालयात शेतीशास्त्राचे धडे घेतले, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांत मिसळून ब्रिटिशांविरुद्ध संघटना उभारली. त्या काळातली अमेरिका हिंदी माणसाला काय वागणूक देत होती, ते गेल्या आठवड्यात सविस्तर आलं आहे. १९०७ साली बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने हिंदी मजुरांना रातोरात हाकलून लावलं. १९१३ च्या कॅलिफोर्नियातल्या कायद्याने नागरिक होऊ न शकणाऱ्या परदेश्यांना शेतजमीन घेणं बंद केलं. १९१७ च्या कायद्याने हिंदी लोकांना देशात यायचीच बंदी झाली, आणि १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकत्वाला पात्र नाही असा निकाल दिला. खानखोजे तोवर तिथून निघून गेले होते. महायुद्धात इराणमध्ये ब्रिटिश फौजेशी दोन हात करून झाले होते, बर्लिन आणि मॉस्को पाहून झालं होतं. १९२४ साली त्यांना मायदेशाची दारं बंद होती, अमेरिकेची बंद होती, आणि युरोपात ब्रिटिश हेरांची नजर होती. जुन्या ओळखीचे मेक्सिकन मुत्सद्दी रामोन दे नेग्री यांच्यामुळे मेक्सिकोचं दार उघडलं. तेव्हा मेक्सिको ही त्यांची पहिली निवड होती, असं मी म्हणत नाही. अडलेला माणूस मिळेल त्या दारातून आत शिरतो. प्रश्न आत शिरल्यावर काय झालं, हा आहे.

मेक्सिको शहराच्या पूर्वेला तेश्कोको गावाजवळ चापिंगो नावाची मोठी जहागीर होती. एका माजी राष्ट्राध्यक्षाची. क्रांतीनंतर ती सरकारकडे आली आणि १९२३-२४ च्या सुमारास राष्ट्रीय कृषी विद्यालय तिथे हलवण्यात आलं. जमिनीची पिळवणूक करायला शिकवा, माणसाची नको, अशा अर्थाचं या विद्यालयाचं ब्रीद आहे. जहागिरीच्या जुन्या प्रार्थनाघराच्या भिंतींवर दिएगो रिवेरा हा चित्रकार त्याच काळात माती, बी आणि शेतकऱ्यांचं बंड रंगवत होता. खानखोजे या विद्यालयात शिकवू लागले. इथे जरा थांबून त्या परिसराचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण तो ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला दुभाष्याशिवाय कळतो. जहागिरीवरचा मजूर पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या दुकानाचं कर्ज फेडत राहायचा. मजुरी त्या दुकानातच जिरायची, आणि बापाचं कर्ज मुलाच्या नावावर चढायचं. आपल्याकडे याला वेठ म्हणत, लग्नगडी म्हणत. वाशिंदच्या अलीकडे दुसरं स्टेशन टिटवाळा. तिथे जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी यांच्याविरुद्ध उठाव केला. मेक्सिकोत एमिलियानो झापाता हेच मागत होता आणि १० एप्रिल १९१९ रोजी दगा देऊन मारला गेला. त्याआधी दोन वर्षं, १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमाने जमीन गावांना परत द्यायचं वचन दिलेलं होतं, आणि खानखोजे पोचले तेव्हा ते वचन कागदावरून शेतात उतरवायची खटपट चालू होती. आपला कूळकायदा यायला अजून चोवीस वर्षं अवकाश होता. म्हणजे वर्ध्याहून गेलेल्या माणसाने तिथे जे पाहिलं तो त्याला अनोळखी प्रश्न नव्हता. फक्त त्याचं उत्तर आपल्या आधी सुरू झालं होतं.

आता चूल. मेक्सिकोच्या जेवणाचा पाया तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी. ती आपल्या भाकरीसारखी दिसते एवढंच सांगून प्रवासवर्णनं पुढे जातात. खरं साम्य दिसण्यात नाही, अडचणीत आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन हे चिवट प्रथिन असतं. पाणी घालून मळलं की त्याची जाळी तयार होते, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही आणि पोळी लाटता येते. तांदूळ, नाचणी, ज्वारी, मका यांत ही जाळी नाही. नुसत्या गार पाण्यात पीठ कालवलं तर कडा फाटतात, भाकरी उलथताना मोडते. शहापूर-मुरबाडकडच्या बायकांनी यावर काढलेला उपाय म्हणजे उकड : उकळत्या पाण्यात तांदळाचं पीठ घालून झाकून ठेवायचं, मग गरम असतानाच मळायचं. उष्णतेने तांदळातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लुटेनची उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. मेक्सिकोच्या बाईने हीच अडचण दुसऱ्या वाटेने सोडवली. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्यायचे, सकाळी चोळून धुवायचे, म्हणजे साल सुटतं. मग ते ओलेच दाणे दगडी पाट्यावर वाटायचे. चुन्याने सालातला चिवट भाग विरघळून डिंकासारखा होतो आणि वाटलेला गोळा एकजीव राहतो. मग तो हातावर थापायचा आणि कोमाल नावाच्या मातीच्या तव्यावर भाजायचा. आपल्याकडे मातीच्या तव्याला खापर म्हणतात. चुन्यात शिजवलेल्या या मक्याचं नाव निश्तामाल, आणि या कृतीने आणखी एक काम होतं जे ती करणाऱ्यांना रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक नव्हतं : मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. युरोपाने मका नेला, चुना मागे ठेवला. बी घेतलं आणि कृती टाकली. मग उत्तर इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी सोलवटायची, पोट बिघडायचं, माणसं भ्रमिष्ट व्हायची. आपल्याकडेही मका चुन्याशिवायच आला, पण तो एकटाच पोट भरण्याचं धान्य क्वचित झाला, म्हणून आपण बचावलो.

पाट्यावर वाटण्याचं काम किती जड, हे ज्यांच्या घरात एके काळी जातं होतं त्यांना सांगायला नको. मेक्सिकोतल्या बाईचे दिवसाचे कित्येक तास त्या दगडापुढे गुडघ्यावर जात. १९२० नंतर खेड्यांत निश्तामाल दळायच्या गिरण्या येऊ लागल्या. १९३४ ते १९४० या काळात राष्ट्राध्यक्ष असलेल्या लासारो कार्देनास यांच्या सरकारने गावांना आणि बायकांच्या गटांना त्या मिळवून दिल्या. गिरणीतलं पीठ बेचव लागतं अशी पुरुषांची कुरकूर तिथेही झाली. (आपल्याकडे ही कुरकूर अजून चालू आहे, फक्त जातं ओढायला कुणी तयार नाही.) म्हणजे खानखोजे जिथे राहत होते तिथे घराघरांत जातं जाऊन गिरणी यायची वेळ आली होती, नेमकी तीच जी थोड्या वर्षांच्या फरकाने आपल्या गावांनी पाहिली. शिवाय ज्या गोष्टींनी प्रवाशाचे डोळे दिपतात त्यांतल्या कितीतरी आपल्या घरी तिथूनच आलेल्या आहेत. मिरची, टोमॅटो, मका, लाल भोपळा, चिकू, झेंडू, सगळे मुळात त्या बाजूचे. पोर्तुगीज-स्पॅनिश गलबतांतून सोळाव्या शतकापासून जगभर पसरलेले. उपवासाचं ताट पाहा : शेंगदाणे, बटाटा, रताळं, साबुदाणा, हिरवी मिरची, राजगिरा. यांतली एकही वस्तू कोलंबसापूर्वीच्या महाराष्ट्रात नव्हती, आणि सोवळ्यात त्याच सर्वांत आधी चालतात. राजगिऱ्याची गोष्ट तर खास आहे. अॅझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या मूर्ती करून पूजेत वापरत, म्हणून स्पॅनिश पाद्र्यांनी त्या पिकावर वक्रदृष्टी केली. तरी ते टिकलं. आज मेक्सिकोच्या रस्त्यांवर राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पाकात घालून केलेली वडी मिळते. तिचं तिथलं नाव ‘आलेग्रिया’, म्हणजे आनंद. वर्ध्याच्या माणसाला ती वडी ओळखायला एका घासापेक्षा जास्त वेळ लागला नसता.

हे सगळं स्वयंपाकघराचं झालं. शेताचा पुरावा अधिक भक्कम आहे, कारण तिथे खानखोज्यांचं स्वतःचं काम उभं आहे. मेक्सिकोतली गरिबाची शेती म्हणजे मिल्पा : एकाच तुकड्यात मका, त्याच्या ताटावर चढणारा घेवडा, आणि खाली जमीन झाकणारा भोपळा. घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं ओल धरतात आणि तण दाबतात. डोंगरउतारावर नागली-वरीबरोबर तूर-उडीद टाकणाऱ्याला यात शिकवण्यासारखं काही नाही. एक पीक बुडालं तर दुसरं हाताशी राहावं, हाच त्यामागचा विचार. चापिंगोची उंची समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरच्या आसपास. तिथे पाऊस लांबला की पेरणी लांबते, पेरणी लांबली की दाणा भरायच्या आत दंव गोठतं आणि पीक जळतं. खानखोज्यांनी हाती घेतलेला प्रश्न हा होता : अवर्षण आणि थंडी सोसेल असा मका. त्यासाठी ते मक्याच्या रानटी नातलगाकडे, तेओसिंतेकडे वळले. हे गवत दिसायला मक्यासारखं अजिबात नाही; कणीस बोटभर, त्यात मोजके टणक दाणे, पण अंगात काटकपणा. आज जनुकांच्या अभ्यासातून पक्कं झालं आहे की सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी नैऋत्य मेक्सिकोत या गवतापासूनच मका घडला. खानखोजे त्याचे मक्याशी संकर करत होते तेव्हा शास्त्रज्ञांत यावर जोरदार वाद चालू होता. एका ताटावर अनेक कणसं धरणाऱ्या वाणांवर त्यांनी काम केलं. एकाचं नाव ‘ग्रानादा’, म्हणजे डाळिंब. या प्रयोगांची छायाचित्रं तीना मोदोत्ती या इटालियन बाईने काढली. तीही मेक्सिकोत परकीच, आणि १९३० साली तिला देशाबाहेर काढण्यात आलं. क्रांतीचे मेळावे, मजुरांचे हात, गिटार आणि काडतुसं टिपणाऱ्या कॅमेऱ्याला कणसं टिपावीशी वाटली, ही गोष्ट मला त्या काळाबद्दल बरंच सांगून जाते. त्या मंडळींच्या लेखी सुधारलेलं बी हा बंडाचाच भाग होता.

याच मंडळींनी उभ्या केलेल्या मोफत शेतीशाळांचे खानखोजे संचालक होते. फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही; शेतकऱ्याने यावं, बी निवडायला शिकावं, आपल्या हक्काची जमीन कशी कसायची ते समजून घ्यावं. त्यांतल्या एका शाळेला झापाताचं नाव होतं. इथे मुरबाडच्या वाचकाला एक नाव आठवायला हवं. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवालांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले, हे आपण पाठ केलं आहे. पण त्याआधी माथेरानच्या या वकिलाने गरीब शेतकऱ्यांसाठी धान्याच्या कोठ्या काढल्या होत्या, खेड्यांत शाळा चालवल्या होत्या, याची आठवण हुतात्मा स्तंभापाशी होणाऱ्या भाषणांत फार कमी निघते. कोतवालांचे मनोरे लक्षात राहिले, कोठ्या विसरल्या. खानखोज्यांचं गदर लक्षात राहिलं, मका विसरला. आपल्याकडे क्रांतिकारकाच्या चरित्रात धान्याला जागा नसते. ही खोड एकदा ध्यानात घेतली की मेक्सिकोतली तीस वर्षं एका वाक्यात का मावतात हेही कळतं : पिस्तूल खाली ठेवलं तेव्हा क्रांती संपली, असं आपण गृहीत धरतो.

यावर घेता येतील असे आक्षेप मला दिसतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की मी साम्यं वेचून काढतो आहे. वर्ध्याचा माणूस ज्वारी खाणारा. मेक्सिकोत भाषा स्पॅनिश, गावोगाव चर्च, जेवणात डुकराचं आणि गाईचं मांस. खानखोजे पोचले त्यानंतर दोनच वर्षांनी सरकार आणि कॅथलिक बंडखोर यांच्यात जे यादवी युद्ध पेटलं, त्यात एका परधर्मी परदेश्याला घरच्यासारखं वाटण्याचं कारण नव्हतं. हे सगळं खरं आहे. पण मी दोन देश सारखे आहेत असं म्हणत नाही. रोजचं काम सारखं होतं, असं म्हणतो. भाषा शिकता येते, आणि ती त्यांनी शिकली. स्पॅनिशमधून शिकवलं, स्पॅनिशमधून लिहिलं. कॅलिफोर्नियात त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं, तरी तिथला कायदा त्यांना एकरभर जमीनही घेऊ देत नव्हता. शिवाय ही एकट्याची गोष्ट नाही. गेल्या भागात पाहिलेले इम्पीरियल खोऱ्यातले पंजाबी मळेकरी आठवा : त्यांतल्या कित्येकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, आणि एका चुलीवर रोटी आणि तोर्तिया दोन्ही होऊ लागल्या. त्यावर कुणी म्हणेल की गोऱ्या बायकांशी लग्नाला तिथला कायदा आडवा येत होता, म्हणून हे घडलं. मान्य. कायद्याने त्यांना एकत्र ढकललं. पण ढकललेल्या माणसांना एका ताटात जेवायलाही जमावं लागतं, आणि तिथे मिरची आणि भाकरी कामी आल्या.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. मेक्सिको इतकं जवळचं वाटलं, तर खानखोज्यांनी १९३६ साली लग्न केलं ते जान सिंदिक या बेल्जियन बाईशी का, मुलींची नावं सावित्री आणि माया का, आणि शेवटी परतले का? स्वातंत्र्यानंतर भारतात यायला त्यांनी परवानगी मागितली तेव्हा ब्रिटिशांच्या काळ्या यादीतलं नाव आड आलं. ते निस्तरून ते १९४९ साली आले, मध्य प्रांताच्या सरकारला शेतीबद्दल सल्ला दिला, आणि १९५५ साली नागपुरात स्थायिक झाले. मला यात विरोध दिसत नाही. दोन परक्यांनी तिसऱ्या देशात मांडलेला संसार हा त्या देशाच्या मोकळेपणाचाच पुरावा आहे. आणि परतण्याची ओढ असणं म्हणजे राहिलो तिथे परके होतो, असं ठरत नाही. वाशिंदहून सकाळच्या लोकलने मुंबई गाठणारा चाकरमानी रात्री घरी परततो; त्यावरून तो मुंबईत आगंतुक आहे असं कुणी म्हणत नाही. सासरी रुळलेली लेक माहेरी जाते, त्यातही कुणाला कोडं पडत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्राचा : खानखोज्यांचा मका आज कुठे आहे? याचं उत्तर सरळ आहे. मेक्सिकोच्या शेतीसंशोधनाची दिशा त्यांच्या हातून निसटली. १९४३ साली अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने मेक्सिको सरकारबरोबर संशोधनाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. त्याची प्रयोगशेतं चापिंगोलाच होती. पुढच्या वर्षी नॉर्मन बोरलॉग तिथे दाखल झाला. बुटक्या, खताला दाद देणाऱ्या गव्हाचे वाण त्यातून निघाले, आणि १९६६ साली भारताने मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचं बी आणलं : लेर्मा रोहो, सोनोरा. पुढल्याच जानेवारीत, २२ तारखेला, १९६७ साली, खानखोजे नागपुरात वारले. मेक्सिकोचं बी भारताच्या शेतांत रुजत होतं, आणि त्या मातीत भारतातून जाऊन कितीतरी आधी राबलेल्या माणसाचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. १९७० साली बोरलॉगला नोबेल मिळालं. मला यात कुणावर अन्याय झाला असं रडगाणं गायचं नाही. बोरलॉगच्या गव्हाने लाखो पोटं भरली. पण त्या गव्हाला पाणी लागतं, खत लागतं. खानखोज्यांचा प्रश्न कोरडवाहू माणसाचा होता : पाऊस दगा देईल तेव्हा काय? शहापूर तालुक्यात भातसा, तानसा आणि वैतरणेवरचं मोडकसागर अशी धरणं आहेत. त्यांचं पाणी जलवाहिन्यांतून मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्या पाड्यांवर टँकर फिरतात. दोन शास्त्रज्ञांपैकी कुणाचा प्रश्न आपल्या बांधावरचा आहे, हे ठरवायला नोबेल समितीची गरज नाही.

मेक्सिको मात्र खानखोज्यांना अगदीच विसरला असं नाही. मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीत रिवेराने रंगवलेल्या भिंती आहेत. त्यांतल्या एका चित्राचं नाव ‘एल पान नुएस्त्रो’; ख्रिस्ती प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीवरून घेतलेलं. मराठीत ही प्रार्थना आणणाऱ्यांनी तिथे भाकर हाच शब्द ठेवला, ते किती बरं केलं. चित्रात एका मेजाभोवती निरनिराळ्या वर्णांची माणसं बसली आहेत आणि मध्ये बसलेला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे खानखोजे, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. चित्रकाराने त्यांना बंदूक दिली नाही, रोपही दिलं नाही. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळाही उभा राहिला. आपल्याकडे वीणा गवाणकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं. कन्या सावित्री सॉहनी यांचं इंग्रजी चरित्रही आहे. गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ महाराष्ट्रात घरोघरी पोचलं, शाळाशाळांतून बक्षीस म्हणून वाटलं गेलं. त्याच लेखणीतून उतरलेले वर्ध्याचे खानखोजे मात्र अलाबामाच्या कार्व्हरपेक्षा आपल्याला लांबचे राहिले. भुईमुगाचा शास्त्रज्ञ चालतो, मक्याचा चालत नाही, असं काही असेल तर मला ते उमगलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आपण मॉरिशसला जाणार आहोत. त्याआधी शहापूर आणि मुरबाडच्या वाचकांकडे एक काम आहे. बियाण्याची कणसं चुलीवरच्या धुरात आढ्याला टांगून ठेवायची रीत मेक्सिकोच्या खेड्यांत आहे आणि आपल्या पाड्यांवरही आहे. धुराने कीड लागत नाही. माळशेजच्या वाटेवर पावसाळ्यात भाजून मिळणारा गोड मका बहुतेक संकरित बियाण्याचा असतो, त्याबद्दल मी विचारत नाही. घरात, आजीच्या वेळेपासून राखलेलं, पांढऱ्या, तांबड्या किंवा काळपट दाण्याचं मक्याचं कणीस अजून टांगलेलं असेल, तर त्याला घरात काय म्हणतात आणि ते कोणत्या महिन्यात पेरतात, एवढं एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा.